गाडीचं सोवळं

माझ्या मेहुण्याच्या जीपचं पासिंग नगरला होतं, म्हणून आम्ही दोघं आधी अकोले तालुक्यात जाऊन आलो. म्हणजे घर पूर्वेला तिसगावात, आरटीओची कचेरी वाटेवर नगरला, आणि आम्ही त्या कचेरीच्या दारावरून पुढे जाऊन अर्धा दिवस पश्चिमेकडे गाडी हाकत राहिलो. सुट्टी संपल्यावर हे मी शाळेत सांगितलं तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "अकोल्यात काय होतं?" या प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर नाही. ज्यांनी घरी जीप बांधलेली नाही त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो. ज्यांनी बांधली आहे त्यांना हे ठाऊक आहे, आणि ते कुणाला सांगणार नाहीत.

मी सोनईच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. कायदा पाळणारा माणूस आहे. माझं हेल्मेट घोडेगावच्या चौकापर्यंत स्कूटरच्या आरशाला असतं आणि चौकात डोक्यावर असतं. अशा माणसाला बायकोनं दिवाळीच्या सुट्टीत बोलावून सांगितलं, "नवनाथबरोबर तुम्ही जा. त्याला साहेबाशी बोलता येत नाही. तुम्ही शुद्ध बोलता." बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शुद्ध बोलण्याची कुणी अशी कदर केली नव्हती. मी निघालो.

तिसगाव, मंगळवार

सोनईकडून तिसगावला येताना ऊस मागे पडत जातो आणि ज्वारी सुरू होते. मिरीच्या पुढे तर रान इतकं मोकळं होतं की एसटीतला माणूस आपोआप कमी बोलायला लागतो. ज्वारी नुकतीच वीतभर आली होती. रस्त्यानं ट्रॅक्टरांच्या रांगा कारखान्यांकडे निघाल्या होत्या, ट्रॉल्यांत बिऱ्हाडं, भांडी, बाजेला बांधलेली शेळी आणि वर माणसं.

नवनाथचं तिसगावात वेल्डिंगचं दुकान आहे. दिवसा तो ट्रॉल्या, गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो आणि उरलेल्या वेळात जीप करतो. जीप मूळची माझ्या सासऱ्यांची. ते ऊसतोडीतून बाहेर पडले तेव्हा घेतलेली. तिसगाव-पाथर्डी वडाप चालवायचे. कागदावर ती घरगुती वापराची गाडी होती आणि तिच्यात चौदा माणसं आणि बाजाराच्या दिवशी वर कोंबड्या असायच्या. कागदाचं आणि रस्त्याचं तेव्हापासूनच तिच्या बाबतीत फारसं पटत नव्हतं.

सासरे गेल्यावर नवनाथनं गाय बाहेर बांधली आणि जीप गोठ्यात घेतली. चार वर्षांत तिचं जे झालं होतं ते मी त्या मंगळवारी नीट पाहिलं. टायर माझ्या कमरेला लागत होते. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून सगळी गाडी वर उचलली होती. पुढे ट्रॉलीच्या अँगलमधून केलेला बंपर, त्यावर गाडी अडकली तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून काढणारा विंच. टपावर सहा दिवे. आणि काचेच्या कडेनं वर गेलेलं एक धुराडं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पान्यात गेली तर हवा घ्यायला. छातीभर पान्यातनं जाती दाजी ही."

तिसगावात छातीभर पाणी पाहायचं असेल तर आधी टँकर बोलवावा लागतो. पण मी पाहुणा होतो.

या गाडीत जी बसत नव्हती अशी घरात एकच व्यक्ती होती, माझ्या सासूबाई. सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेले आहेत, जीभ शाबूत आहे. एवढ्या उंच गाडीत त्यांना चढता येईना, म्हणून नवनाथनं मायेनं एक छोटी लोखंडी शिडी करून दिली, तिला हिरवा रंगही दिला. सासूबाईंनी ती शिडी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आणि म्हणाल्या, "वीस वर्सं डोक्यावर मोळी घिऊन शिडीनं ट्रक भरला म्या. आता लेकाच्या गाडीत बसाया बी शिडी व्हय?" त्यानंतर त्या पाथर्डीला एसटीनं जात.

आता अडचण अशी होती. जीपच्या नोंदणीची मुदत शुक्रवारी संपत होती. शिवाय महिन्यापूर्वी पाथर्डी रस्त्यावर आरटीओच्या साहेबांच्या पथकानं तिला अडवून लेखी दिलं होतं, की नूतनीकरणाला गाडी मूळ रूपात आणावी, न आणल्यास नोंदणी रद्द होईल. नोंदणी रद्द म्हणजे गाडी भंगारात. सासूबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "तुज्या बापाची गाडी हाय ती. भंगारवाल्याच्या दारात दिसली तर माज्याशी बोलू नगस." नवनाथनं मान खाली घालून बाजरीची भाकरी दुधात कुस्करली. चाळीस वर्षांचा बाप्या, पण त्या क्षणी माझ्या सातवीच्या वर्गात बसवला असता तर शोभला असता.

मूळ रूप आणायचं कुठून? मूळ चाकं चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीखाली गेली होती. तेव्हा नवनाथनं मला ती गोष्ट सांगितली जी जिल्ह्यातल्या पंचवीस-तीस जीपवाल्यांना ठाऊक आहे. त्यांच्यात एक सोवळं आहे. साधी चार चाकं, साधा बंपर, एक सायलेन्सर आणि दोन गरीब चेहऱ्याचे दिवे. ज्याचं पासिंग असेल तो आपल्या गाडीला ते नेसवतो, साहेबांपुढे नेतो आणि घरी येऊन उतरवतो. मग पुढच्याचा फोन येईपर्यंत सोवळं त्याच्याकडे राहतं.

"आता कुनाकडं हाय?" मी नकळत त्याच्यासारखाच बोललो.

"सोमाकडं. राजूरच्या वर."

मला हसायचा अधिकार नव्हता. आमच्या शाळेत तपासणी असली की शेजारच्या शाळेतून मानवी सांगाडा येतो. त्याच सांगाड्याला तपासणी अधिकारी चार तालुक्यांत भेटतात, आणि दर ठिकाणी त्याच्या त्याच तुटलेल्या बोटाबद्दल हळहळतात.

राजूरच्या वर, बुधवार

करंजी घाट, नगर, राहुरी, लोणी, संगमनेर. या वाटेवरचं सांगण्यासारखं एवढंच की अशा गाडीतून जाताना माणसाला फार मान मिळतो. पेट्रोल पंपावरचा माणूस स्वतःहून काच पुसतो. राहुरीला चहा प्यायला थांबलो तर दोघांनी गाडीबरोबर फोटो काढले आणि एकानं माझ्याबरोबर. मी खाली उतरताना पाय किती खाली टाकायचा याचा अंदाज चुकून हॉटेलवाल्याच्या अंगावर गेलो, तो फोटो बहुधा त्यातच आहे.

अकोले सोडलं आणि मुलूख बदलला. आमच्याकडे डोंगर म्हणजे लांबून दिसणारी गोष्ट, इथे डोंगर अंगावर येतात. खाचरांत भाताची कापणी चालली होती, ओंब्यांचा वास गाडीत येत होता. डोळ्यांना इतकं हिरवं पाहायची सवय नसल्यानं मला झोप यायला लागली. सोमाच्या वस्तीकडे जायला डांबरी रस्ता सोडून अर्धा किलोमीटर चिखलाची वाट होती. नवनाथनं गाडी डांबरावरच उभी केली.

"का रे? यासाठीच तर केलीय ना?"

"दाजी, रंग नवा हाय. कडेला बोराट्या हायेत. चरे पडतील."

आणि आम्ही चालत निघालो. छातीभर पाण्यातून जाणाऱ्या गाडीचा मालक पायजमा गुडघ्यापर्यंत धरून, आणि मी चपला हातात घेऊन. चिखलानं माझी एक चपल ठेवून घेतली.

सोमा भातशेती करतो आणि पर्यटक आले की त्यांना जीपमधून भंडारदऱ्याकडे फिरवतो. बारीक, शांत माणूस. त्याची जीपही उंच होती, पण तिच्या अंगावर चिखलाचे इतके थर होते की मूळ रंग विचारावा लागला. त्यानं आमचे पाय पाहिले आणि पाण्याची बादली आणली. मग नवनाथकडे वळून विचारलं, "गाडी कुठंय?"

"वर. सडकंला."

"बरं," सोमा म्हणाला. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ होतं.

सोवळं पडवीत पेंढ्याखाली होतं. तीन चाकं लगेच निघाली. चौथ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सोमाच्या बायकोनं सांगितलं की पिल्लं निघेपर्यंत चाक हलणार नाही, अजून आठ दिवस आहेत. नवनाथनं शुक्रवारची मुदत सांगितली, लेखी समज सांगितली, वडिलांची गाडी सांगितली. ती म्हणाली, "त्ये खरं, पर कोंबडीला काय कळतंय त्यातलं?" शेवटी मी माझी शुद्ध भाषा पणाला लावली आणि असा तोडगा सुचवला, की आपलं एक मोठं चाक इथे ठेवू आणि कोंबडीला अंड्यांसकट त्यात बसवू. नवनाथ सडकेवर जाऊन जीपचं एक चाक काढून चिखलातून गडगडत घेऊन आला. कोंबडीनं नव्या जागेभोवती एक फेरी मारली आणि आत शिरली. जागा ऐसपैस होती, हे तिला पटलं असावं.

या संचाचा रिवाजच असा आहे की सोवळं नेणाऱ्यानं आपली मोठी चाकं तिथेच ठेवायची. परत करायची आठवण राहते. सोमानं चाकं बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणली आणि तिघांनी मिळून रस्त्याच्या कडेला गाडीचे कपडे बदलले. ठोकळे काढले, बंपर काढला, दिवे काढले, धुराड्याच्या भोकावर पत्रा ठोकला. बैलगाडी रिकामी झाली होती तिच्यात जीपचा सगळा रुबाब भरून सोमा परत गेला.

त्याआधी जेवलो होतो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, खुरासणीची चटणी आणि शेवटी पुन्हा भात. आमच्याकडे भाकरी झाली की माणूस हात धुतो, इथे भात वाढल्याशिवाय जेवायला बसलात असं धरत नाहीत. मी दोन वेळा हात धुवायला उठलो आणि दोन्ही वेळा परत बसवला गेलो.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर कुणी काच पुसली नाही. लोणीच्या पुढे एका टेम्पोनं आम्हाला हॉर्न वाजवून मागे टाकलं तेव्हा नवनाथ म्हणाला, "बघा दाजी. कुनी इचारीत न्हाई."

नगर, गुरुवार

सकाळी तिसगावच्या अंगणात जीप उभी होती आणि मला एकदम सासऱ्यांची आठवण झाली. ती तशीच दिसत होती, बुटकी, जराशी पुढे वाकलेली, निमूट. नवनाथ कागद शोधत होता. तेवढ्यात सासूबाई इरकली नेसून बाहेर आल्या, दाराची मूठ धरली, एक पाय वर ठेवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कुणाचा हात घेतला नाही.

"आये, कुठं निगालीस?" नवनाथ म्हणाला.

"नगरला."

"तितं काय काम हाय तुजं?"

"काम न्हाई. पासिंग झालं की पुन्ना वर चढवशील तिला. आज खाली हाय तर बसून घेते."

मला वाईट वाटलं. चार वर्षं आम्ही सगळे हे म्हातारीचं फटकळ बोलणं म्हणून ऐकत होतो, आणि तिला खरोखर बसायचं होतं. नवनाथनं चावी दोनदा उलटी फिरवली. मी मागे बसलो.

करंजीच्या अलीकडे ऊसतोडीच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॉलीच्या बाजूला शिडी बांधलेली होती. सासूबाई ती मागे जाईपर्यंत पाहत राहिल्या आणि मग पुढे बघतच मला म्हणाल्या, "पाव्हनं, गाडी दारात आनली तवा तुमचे सासरे काय म्हनले, ठावं हाय? म्हनले, बस, हिला शिडी लागत न्हाई."

घाट आला आणि गेला.

कचेरीच्या मैदानात आमच्या पुढे सात-आठ गाड्या होत्या. मी बोलायच्या तयारीत होतो. वाटेत दोन वाक्यं मनात रचलीही होती. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, हातात टॉर्च. त्यांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, तो उमटला. दिवे लावून पाहिले, हॉर्न ऐकला. पत्र्यापाशी थांबले.

"हे काय बुजवलंय?"

"गंजलेलं होतं," मी शुद्ध भाषेत खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणाचा काही उपयोग झाला नाही, कारण साहेब आधीच खाली बसून टायर पाहत होते. त्यांनी टॉर्च आतल्या बाजूला मारला, बोटानं काही तरी चाचपलं आणि नवनाथला बोलावलं.

"हा पिवळा ठिपका दिसतोय?"

"व्हय."

"मी लावलाय, गेल्या उन्हाळ्यात. श्रीगोंद्याच्या एका जीपला हे टायर होते. त्याआधी पाथर्डीच्या. मला वाटलं होतं की माझीच नजर फिरतेय, म्हणून खूण करून ठेवली." ते उठले, गुडघे झटकले. "तुमच्यापेक्षा या टायरांची आणि माझी ओळख जुनी आहे."

नवनाथचा चेहरा पाहवत नव्हता. मी माझ्या दोन वाक्यांपैकी पहिलं काढलं, पण साहेबांनी हात वर केला.

"त्यासाठी नापास करत नाहीये. टायर कुणाचे घालायचे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. पण हे बघा." त्यांनी टायरच्या कडेला बोट लावलं. बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या आमच्या रानासारख्या. "वर्षातून चार दिवस पळतात आणि बाकीचे दिवस कुणाच्या तरी गोठ्यात. नक्षी नव्यासारखी आहे, पण रबर म्हातारं झालंय. यावर मी गाडी सोडली आणि घाटात टायर फुटला तर? गाडी नापास. घरी यापेक्षा बरे टायर आहेत का?"

होते. राजूरच्या वर, नवे कोरे, एकही चरा न पडलेले. एकात कोंबडी होती. नवनाथनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं.

"हायेत की," पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या.

"आये," नवनाथ म्हणाला.

"आये काय? साहेब इचारत्यात. हायेत साहेब, लई भारी हायेत. पर ते घातले की मला बसता येत न्हाई."

साहेब त्यांच्या खिडकीपाशी गेले. "का बरं मावशी?"

"हितं येतंय चाक." त्यांनी हात बाहेर काढून कमरेच्या वर दाखवला. "तवापासनं एसटीनं जाते मी."

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा नवनाथकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता वही उघडतील. त्यांनी उघडलीही. त्यात काहीतरी लिहून पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं. टायरचं माप लिहिलेलं होतं.

"उद्या चारपर्यंत. याच मापाचे, ठणठणीत टायर. आणि गुरुजी, तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण मावशींना आणा. त्या आपल्या आपण चढल्या तर गाडी मापात आहे असं मी धरीन."

मी गुरुजी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शुद्ध बोलण्याचे तोटेही असतात.

नगर, शुक्रवार

आम्ही तिघंही गेलो. टायर नवे होते, साधे, रबराचा वास मारणारे. रात्री नगरला माझ्या चुलतभावाकडे मुक्काम केला होता, आणि टायर बसवले त्या दुकानात सासूबाई स्टुलावर बसून नटबोल्ट मोजत होत्या. साहेबांनी टॉर्च मारला, मग टॉर्च खिशात ठेवला आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "मावशी, जरा उतरून पुन्हा बसा."

सासूबाई उतरल्या आणि पुन्हा बसल्या. दुसऱ्या वेळी जरा ऐटीतच बसल्या. साहेबांनी सही केली. जाताना नवनाथला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मला ते पहिले टायर दिसले तर मी त्यांना निवृत्तीचा नारळ देणार आहे. तुमच्या मंडळींना सांगा."

मंडळींना आधीच कळलं होतं, टायर नापास झाल्याचं नवनाथनं कालच जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. फाटकाबाहेर आम्ही उसाचा रस घेत होतो तेव्हा फोन आला आणि नवनाथनं तो स्पीकरवर टाकला. सोमा होता. त्यानं कोंबडीचं सोडून बाकीची तीन मोठी चाकं आपल्या जीपला लावून धरणापाशी फोटो काढले होते, चौथ्याच्या बाजूनं कॅमेरा न्यायचा नाही असं ठरवून. ग्रुपवर धमाल उडाली होती. श्रीगोंद्याच्या माणसाला ती चाकं रविवारी एका लग्नासाठी हवी होती.

"देऊन टाक," नवनाथ म्हणाला. "फिरू दे जिल्हाभर. माजी वाट बघू नगा."

"बरं," सोमा म्हणाला. मग कामाचं बोलला. "नाथा, जुनं सोवळं गेलं म्हनत्यात. तू नवीन केलंस न्हवं? पुढच्या म्हैन्यात माजं पासिंग हाय. कवा आनतोस?"

नवनाथनं रसाचा ग्लास खाली ठेवला. सासूबाई पुढच्या सीटवर बसून खिडकीतून बाहेर कोपर टेकवून रस पीत होत्या. सासरे असताना ज्या खिडकीत त्यांचं कोपर असायचं, तीच ती.

"सोवळं न्हाई ते सोमा," तो म्हणाला. "रोजच्या वापरातलं हाय. आय बसलीय."